कोणते देशमुख?

लग्नाच्या मांडवात ओळख करून देताना एखादा म्हणाला, "मी देशमुख", तर ऐकणारा "बरं" म्हणून थांबत नाही. पुढचा प्रश्न येतोच: "कोणते देशमुख?" मग उत्तरात गाव येतं, तालुका येतो आणि थोडी ओळख वाढली की "आमचं मूळ आडनाव अमुक" हेही येतं. मूळ आडनाव! म्हणजे कागदावर आहे ते आडनाव वरचं, आणि त्याच्या पोटात आणखी एक. गोडबोले किंवा शिर्के मंडळींना अशी दुहेरी ओळख सहसा सांगावी लागत नाही.

आधी माणसं बघू. चिंतामणराव देशमुख: १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि या सगळ्या व्यापात मेघदूताचा मराठी समश्लोकी अनुवाद करणारे संस्कृतप्रेमी. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी: १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहून स्वतःच्याच समाजाला खडे बोल सुनावणारे. पंजाबराव देशमुख: विदर्भात बहुजनांच्या शिक्षणाचा पाया घालणारे, १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री. नानाजी देशमुख: हिंगोलीकडच्या कडोळीत जन्मले, काम उभं केलं चित्रकूटला, आणि २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न. सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख. लातूरजवळच्या बाभळगावचे सरपंच ते दोनदा मुख्यमंत्री असा प्रवास केलेले विलासराव देशमुख. शेतकऱ्याच्या जगण्यावर कादंबरी लिहून २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे सदानंद देशमुख. पडद्यावर रितेश देशमुख. आणि संविधान सभेत बसलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक, दुर्गाबाई देशमुख.

मोबाइलवर अशी यादी फिरते तेव्हा खाली हमखास एक ओळ असते: "आपल्या घराण्याचा अभिमान!" वाचून हसू येतं. कारण या यादीत घराणं म्हणावं असं नातं दोनच ठिकाणी आहे. विलासराव आणि रितेश हे बापलेक. चिंतामणराव आणि दुर्गाबाई हे नवराबायको. बाकीच्यांच्या जातीसुद्धा वेगवेगळ्या. लोकहितवादी चित्पावन, नानाजी देशस्थ, चिंतामणराव चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पंजाबराव मराठा-कुणबी. मुसलमान देशमुखही आहेत. लग्नसंबंध तर सोडाच, जुन्या काळात या सगळ्या घरांच्या पंगतीसुद्धा एकत्र बसल्या नसत्या.

मग एकच आडनाव कसं? उत्तर एका वाक्यात देता येतं: देशमुख हे पदाचं नाव होतं. सगळे तहसीलदार एका आईची लेकरं नसतात, तसे सगळे देशमुखही नाहीत. (तहसीलदार हेही आडनाव आहेच, हा भाग वेगळा. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही सगळी त्याच कचेरीतली मंडळी.) पण एका वाक्यातल्या उत्तरानं खरी गंमत कळत नाही. पद तर आज कुठेच नाही, मग पाटी कशी राहिली? आणि पाटी लावणारे इतके झाले कसे?

देश म्हणजे किती मोठा?

देशमुख या शब्दातला 'देश' म्हणजे भारत किंवा महाराष्ट्र नव्हे. जुन्या महसुली भाषेत देश म्हणजे परगणा, म्हणजे काही गावांचा मिळून झालेला एक टापू. कुठे वीस-पंचवीस गावं, कुठे शंभराच्या वर. मावळात नदीच्या एकेका खोऱ्याला एक देशमुख असे. तिथे टापू लहान, डोंगराळ आणि देशमुख मात्र भलता तालेवार.

ही सगळी रचना दोन मजल्यांची होती असं समजा. खालचा मजला गावाचा. तिथे कारभारी पाटील आणि हिशेब लिहिणारा कुलकर्णी. वरचा मजला परगण्याचा. तिथे कारभारी देशमुख आणि हिशेब लिहिणारा देशपांडे. दोन्ही मजल्यांवर जोडी सारखीच: एकाच्या हातात माणसं, दुसऱ्याच्या हातात दप्तर. देशपांड्याला जुन्या कागदांत 'देशकुलकर्णी' असंही म्हटलेलं सापडतं. म्हणजे परगण्याचा कुलकर्णी. हे एकदा लक्षात आलं की निम्मं काम झालं.

देशमुखाचं काम काय? पडीक जमीन लागवडीला आणायची, त्यासाठी कुळं बोलावून वसवायची, पाटलांकडून सारा वसूल करून सरकारात भरायचा, टापूत चोरी-दरोडा होऊ द्यायचा नाही, वेळ आली तर घोडं-माणूस घेऊन सरकारच्या चाकरीला जायचं. वतनावरून, म्हणजे वंशपरंपरेनं चालणाऱ्या हक्कावरून, किंवा हद्दीवरून तंटा झाला तर गोतसभेत, म्हणजे त्या टापूतल्या मानकऱ्यांच्या सभेत बसून निवाडा करायचा. त्या निवाड्याचा जो कागद होई तो महजर. त्यावर सही करता न येणारे आपापली निशाणी काढत. पाटलाचा नांगर ही त्यातली सगळ्यांत ओळखीची.

मोबदला पगारासारखा मिळत नसे. वसुलातला ठरलेला हिस्सा, इनाम जमीन, गावोगावच्या बलुतेदारांकडून जिन्नस, आणि या सगळ्यापेक्षा जिवाभावाचा मानपान. पोळ्याला पहिली बैलजोडी कुणाची, होळीला पहिली पोळी कुणाची, सभेत पहिला विडा कुणाला. आज वाचताना हे किरकोळ वाटतं. पण जुनी दप्तरं उघडली तर पैशावरून जेवढे खटले, जवळपास तेवढेच या पहिल्या विड्यावरून. मान गेला म्हणजे वतन हललं, अशी धास्ती होती, आणि ती चुकीचीही नव्हती. लेखी कागद जळू शकतो, पण चारशे लोकांनी दरवर्षी पाहिलेला मान हा जिवंत पुरावा असतो.

या पदाचं वजन किती होतं हे सरदेशमुखीवरून कळतं. सरदेशमुख म्हणजे देशमुखांवरचा देशमुख. शिवाजी महाराजांनी दख्खनच्या मोगली मुलखावर स्वतःचा सरदेशमुखीचा हक्क सांगितला होता. हिशेब असा: मुलखाचा वसूल शंभर रुपये असेल तर त्यावर दहा रुपये सरदेशमुखीचे. चौथाई वेगळी, ती पंचवीस. पुढे १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथानं दिल्लीहून शाहू महाराजांच्या नावे दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. छत्रपतींनासुद्धा परमुलखातून पैसा मागताना आधार घ्यावासा वाटला तो देशमुखी हक्काचा. तलवारीच्या जोरावर घेतलेल्याला खंडणी म्हणतात. देशमुख म्हणून घेतलेला तो हक्क. या फरकात फार शहाणपण आहे.

एकाचे शंभर कसे झाले

नोकरी आणि वतन यांत मोठा फरक आहे. नोकरी माणसाबरोबर संपते. वतन वारशानं चालतं, लेकराबाळांत वाटलं जातं, गहाण पडतं आणि विकलंसुद्धा जातं. होय, पद विकलं जायचं. निम्मी देशमुखी एकानं विकली, दुसऱ्या घराण्यानं घेतली, की त्या परगण्यात दोन देशमुख झाले, कधी वेगवेगळ्या जातींचे. सरकारनं एखाद्याचं वतन जप्त करून दुसऱ्याला दिलं, की तिसरा.

घरातल्या घरात वाटणी झाली तर आणखी वेगळंच. काम बघणार थोरला, पण वतनात तक्षीम, म्हणजे वाटा, सगळ्या भावांचा. आणि वाटा आहे म्हणजे बिरुदही आहे. थोरली पाती देशमुख, धाकटी पातीही देशमुख. चार पिढ्यांत एका वाड्याचे वीस वाडे, आणि वीसही वाड्यांवर देशमुख. कलेक्टरच्या चारही मुलांनी आणि सोळाही नातवंडांनी 'कलेक्टर' लावायचं ठरवलं तर जे होईल, तेच झालं.

भाऊबंदकी या शब्दाला मराठीत जो कडवटपणा आहे, त्यातला बराचसा या वाटण्यांतून आलाय असं मला वाटतं. शेत वाटता येतं. पहिला विडा दोघांत कसा वाटणार?

वतनाची ओढ किती जबर होती, याची साक्ष १६५९ सालात आहे. अफजलखान चालून आला तेव्हा विजापूरच्या बादशहानं मावळातल्या देशमुखांना फर्मानं धाडली: खानाला मिळा, नाहीतर वतन जाईल. भोरजवळच्या कारीचे कान्होजी जेधे हे त्यांपैकीच एक देशमुख. ते मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. उत्रवळीचे खंडोजी खोपडेही देशमुखच, पण ते खानाकडे गेले. हिरडस मावळचे बांदल देशमुख महाराजांच्या बाजूनं उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर लढले ते हेच बांदलांचे लोक.

इथे थांबून एक गोष्ट टिपून ठेवा. जेधे, खोपडे, बांदल, सगळे देशमुख. तरी आज आपण त्यांना जेधे, खोपडे, बांदल म्हणूनच ओळखतो. म्हणजे पद मिळालं की आडनाव बदलायचंच असा काही नियम नव्हता. कुणी जुनं कुळाचं नाव धरून राहिले, कुणी बिरुद पुढे केलं, कुणी दोन्ही जोडून 'जेधे-देशमुख' असं लावलं. आणि बाजीप्रभू? त्यांच्या नावापुढचं 'देशपांडे' हेही तसंच, वतनावरून आलेलं.

सत्तेला मात्र या मंडळींची धास्ती असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांबद्दल जे लिहिलंय त्याचा आशय असा: यांना नुसते वतनदार समजू नका, हे लहान असले तरी आपापल्या टापूचे स्वतंत्र नायकच आहेत, यांना फार सैल सोडू नये, आणि फार आवळूही नये. राजे बदलले, बहमनी गेले, आदिलशाही-निजामशाही गेली, मोगल आले, मराठे आले, पण प्रत्येकाला सारा गोळा करायला त्याच परगण्यातला तोच देशमुख लागत होता. कोणत्या शेतात काय पिकतं आणि कोण खोटं बोलतंय हे त्यालाच माहीत.

पाटी पक्की झाली ती शाळेत

शंभर-दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत आडनाव ही आजच्यासारखी टणक चीज नव्हती. कागदावर माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि हुद्दा असला की भागत असे. एकाच घरातला एक भाऊ गावाच्या नावानं ओळखला जाई, दुसरा हुद्द्यानं. इंग्रजी अंमल आल्यावर मात्र शाळेचा दाखला, कोर्टाचा दावा, जमिनीची नोंद, नोकरीचा अर्ज, सगळीकडे आडनावाचा रकाना आला. त्या रकान्यात त्या दिवशी जे लिहिलं गेलं, ते वंशपरंपरेनं चिकटलं. मास्तरांनी विचारलं असेल, बापानं सांगितलं असेल, आणि सांगताना बापानं स्वाभाविकच घरातलं सगळ्यांत वजनदार नाव सांगितलं असेल.

लोकहितवादींचंच बघा. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव सिद्धये. घराण्यात देशमुखीचं वतन होतं म्हणून देशमुख. वडील हरिपंत हे दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी फडणीस. म्हणजे मनात आणलं असतं तर हे घराणं सिद्धये राहिलं असतं, किंवा फडणीस झालं असतं. आज शाळेच्या पुस्तकात 'गोपाळ हरी सिद्धये' असा धडा असता आणि 'देशमुखांचा अभिमान' या यादीत एक नाव कमी असतं.

पंजाबरावांच्या घराण्याचं मूळ आडनाव कदम. ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं नाव आज घेताना कुणाच्या मनात कदम येत नाही.

दुर्गाबाईंची वाट आणखी निराळी. त्या राजमहेंद्रीच्या, तेलुगू घरातल्या. संविधान सभेच्या कामकाजात त्यांचं नाव 'जी. दुर्गाबाई' असं आहे. तिथे देशमुख शोधायला गेलात तर सापडणार नाही. चिंतामणरावांशी त्यांचं लग्न झालं १९५३ मध्ये, तेव्हा हे आडनाव आलं. त्याच वर्षी त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पुढे १९७५ मध्ये नवराबायको दोघांनाही एकाच वर्षी पद्मविभूषण मिळालं. तेव्हा आडनाव वतनानं येतं, जन्मानं येतं, लग्नानं येतं आणि दत्तकानंही येतं. यातली एकच वाट रक्ताची.

पद मात्र एकोणिसाव्या शतकात हळूहळू पोकळ होत गेलं. इंग्रजांनी मामलेदार, कलेक्टर असे पगारी अधिकारी नेमले. वसुलासाठी देशमुखाची गरज उरली नाही. पण एका फटक्यात हक्क काढून घेतले तर असंतोष होईल, म्हणून १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात त्यांच्याशी तडजोड झाली: चाकरी माफ, उत्पन्नातला काही भाग सरकार कापून घेणार, उरलेलं तुमचं. म्हणजे काम नाही, पण वतन आहे. १८७४ मध्ये वतनांचा वेगळा कायदा झाला आणि वतन घराण्याबाहेर विकायला अडसर आला. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्यानं मुंबई राज्यातली परगणा वतनं, म्हणजे देशमुख-देशपांड्यांची, आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली. पाटलांची पाळी १९६२ च्या कायद्यानं आली. गंमत म्हणजे पाटील हा शब्द पद म्हणून परत आला: १९६७ च्या कायद्यानं गावोगाव पोलीस पाटील नेमले जातात. आता कांबळे आडनावाचा माणूस पोलीस पाटील असू शकतो आणि पाटील आडनावाचा त्याच्याकडे दाखला मागायला जाऊ शकतो. देशमुखाला असा पुनर्जन्म मिळाला नाही.

मराठवाड्याची हकीकत थोडी वेगळी, कारण तिथे निजामाचं राज्य. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६० च्या दशकात जिल्हे पाडले, तेव्हा देशमुखांकडून वसुली काढून घेतली आणि बदल्यात रुसूम म्हणून ठरावीक रक्कम चालू ठेवली. जमिनी मात्र बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडेच राहिल्या. त्याच निजामी राज्याच्या पूर्वेकडच्या तेलुगू भागात, तेलंगणात, देशमुख हा शब्द लोकांच्या तोंडी शिवीसारखा झाला. १९४६ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांचा जो सशस्त्र लढा पेटला, त्यात सगळ्यांत बदनाम नाव होतं विसनूरच्या देशमुखाचं. त्याचं नाव काय? रामचंद्र रेड्डी. तिथे देशमुख हा हुद्दाच राहिला. आडनावाच्या रकान्यात रेड्डीच राहिलं. मधे भाषेची रेघ आहे एवढंच. रेघेच्या अलीकडे हुद्द्याचं आडनाव झालं, पलीकडे बहुतांशी झालं नाही. तोच माणूस मराठी मुलखात जन्मला असता तर त्याची नातवंडं आज देशमुख असती आणि मोबाइलवरच्या यादीत सुखानं बसली असती.

देशमुख-देशमुख लग्न

परक्या माणसाला नेहमी पडणारा प्रश्न: एका आडनावात लग्न कसं चालतं? लग्नपत्रिकेवर दोन्हीकडे देशमुख छापलेलं दिसलं की काहींच्या भुवया वर जातात. पण जुळवणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नाही. ते आडनाव बघतच नाहीत. ब्राह्मणांत गोत्र बघतात, मराठ्यांत कूळ आणि देवक बघतात. एक घर मुळात जाधव, दुसरं मुळात शिंदे. दोघांनाही वेगवेगळ्या परगण्यांची देशमुखी मिळालेली. देवक वेगळं, मग अडचण कसली? उलटही होतं. एक देशमुख आणि एक कदम, कागदावर परके दिसतात, पण कूळ एकच निघतं आणि बोलणी तिथेच थांबतात. तेव्हा "मूळ आडनाव काय?" हा प्रश्न नुसत्या चौकशीपोटी येत नाही. ती पडताळणी असते, आणि जुन्या बायका ती दोन मिनिटांत उरकतात.

देशमुखांबद्दल जे सांगितलं ते थोड्याफार फरकानं देशपांडे, कुलकर्णी, पाटील, देसाई, चौगुले या सगळ्यांना लागू पडतं. पाटलांचं तर विचारूच नका. जितकी गावं तितके पाटील, आणि कित्येक गावांत दोन-दोन. म्हणून पाटलांत एकमेकांशी नातं नसण्याचा संभव देशमुखांपेक्षाही जास्त. देसाई हे कोकण, गोवा, कर्नाटक आणि गुजरातकडे साधारण देशमुखाच्या जागी येणारं पद. त्यामुळे मोरारजी देसाई गुजराती आणि सिंधुदुर्गातला शेजारी देसाई मराठी, यात आश्चर्य काही नाही. कर्नाटकात कानडी बोलणारे देशपांडे भेटतात तेही याच कारणानं. महसुलाची यंत्रणा जिथवर पोचली तिथवर आडनावं पोचली.

गावावरून पडलेल्या आडनावांचंही तसंच, फक्त तिथे पदाऐवजी पत्ता. नांदगाव नावाची गावं किती आहेत ते मोजा, म्हणजे नांदगावकर किती मुळांचे असू शकतात ते कळेल. याउलट काही आडनावं अशी आहेत की ती लावणारे बहुतेक एकाच बुंध्याचे निघतात. तिथे दोन अनोळखी माणसांत नातं निघेल या आशेला थोडा तरी अर्थ आहे.

मग आडनावावरून काय कळतं? देशमुख म्हटल्यावर इतकं खात्रीनं सांगता येतं की या माणसाच्या वाडवडिलांपैकी कुणाकडे तरी, कधीतरी, कुठल्यातरी टापूच्या वसुलाचा हक्क किंवा त्या हक्कातला वाटा होता. तोही लग्न किंवा दत्तकाची वाट मधे नसेल तर. जात कळत नाही. धर्म कळत नाही. श्रीमंती तर मुळीच नाही. पांढऱ्या मातीच्या ढासळलेल्या गढीखाली दोन एकर कोरडवाहू कसणारे देशमुख मराठवाड्यात हवे तेवढे भेटतील. "देशमुख म्हणजे जमीनदार असणार" असं समजून त्यांच्याशी बोलणारा शहरी माणूस त्यांना फार करमणुकीचा वाटतो.

ज्यांना आपलं मूळ शोधायचं असेल त्यांच्यासाठी दोन-चार वाटा आहेत. पहिली वाट घरातलीच: कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, आणि आजी लग्नात कुठल्या गावची माती आणायला सांगत होती. दुसरी सरकारी. इनामं खरी की खोटी हे तपासायला इंग्रजांनी इनाम कमिशन नेमलं होतं, त्यासाठी १८५२ मध्ये कायदाही केला. वतनदारांना आपापले कागद, कैफियती, वंशावळी हजर कराव्या लागल्या. त्यांतलं पुष्कळ पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दप्तर म्हणतो तिथे, कापडी रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. सगळं मोडीत. मोडी येत नसेल तर वाचणारा सोबत न्यावा लागतो, आणि वाचणाऱ्यालाही पुष्कळदा परगण्याचं नाव आधी लागतं. नुसतं "देशमुखांचे कागद द्या" म्हटलं तर कपाटंच्या कपाटं समोर येतील. तिसरी वाट हेळव्यांची. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकच्या सीमेवर हेळवी पिढ्यान्‌पिढ्या बैलावरून गावोगाव फिरत आणि यजमानांची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवत. आता वह्या आल्यात, बैलाच्या जागी मोटारसायकल आलीय.

आणि चौथी वाट, जी बहुतेकांना नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेल्यावर अचानक सापडते. तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यांची नामावळी असते. कोण कधी आला, कुणाचं काय केलं, बरोबर कोण होतं, खाली आजोबा-पणजोबांची सही. तुम्ही ओसरीवर बसता, नाव सांगता, "देशमुख". समोरचे गुरुजी लांबट चोपड्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवतात, पण अजून एकही उचलत नाहीत. चष्म्यावरून बघत विचारतात, "कोणते देशमुख? गाव सांगा."